तो चावा माझा नव्हता

१

बिश्केकला आमच्या इमारतीत हिवाळ्यात रेडिएटर इतका तापतो की बाहेर बर्फ पडत असतानाही खिडकी उघडी ठेवावी लागते. तो कमी-जास्त करायची सोय नाही. वरून कोणीतरी ठरवतो आणि आपण घामाघूम व्हायचं. म्हणून संध्याकाळी कामावरून आले की मी आधी खिडकी उघडायची, मग बूट काढायचे आणि मग ओयीला फोन लावायचा. ओयी म्हणजे माझी आई. ती डोंगरांपलीकडे, सीमेपलीकडे, फरगाना खोऱ्यातल्या आमच्या कुमअरिक या उझबेक गावात. मी इकडे, परक्या देशात, एका लहानशा बातमी केंद्रात. आमच्या बातम्या लोक फोनवर ऐकतात, कारण रेडिओवर आम्हाला कोणी येऊ देत नाही.

ओयी चेहरा दिसेल असा फोन साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवायची. किटलीतला चहा पियाल्यात ओतून पुन्हा किटलीत, असं करून मुरवायची आणि पहिला पियाला माझ्यासाठी भरून फोनपुढे ठेवायची. भरून म्हणजे तळाला घोटभर. आमच्याकडे ज्याने उठू नये असं वाटतं त्याला थोडा थोडाच चहा देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. ज्याने आता निघावं असं वाटतं त्याचा पियाला काठोकाठ भरतात. तोंडाने काही बोलावं लागत नाही. आमचं बोलणं संपलं की माझा तो गार झालेला घोट ओयी स्वतः पिऊन टाकायची. "तुझं उष्टं," म्हणायची.

तिच्या मागे भिंत, भिंतीत खिळा आणि खिळ्याला नान. घरातून लांब जाणाऱ्याने दारात नानाचा एक घास चावायचा. उरलेलं नान टांगून ठेवायचं. परत येऊन तोच ते संपवतो. आमच्या कोरड्या हवेत नानाला बुरशी येत नाही, नुसतं लाकूड होतं. सैन्यात गेलेल्यांची, रशियात मजुरीला गेलेल्यांची नानं घराघरांत अशी लटकत असतात, आणि आया येता-जाता त्यांच्यावरची धूळ पुसतात.

मी मात्र चावले नव्हते. आमचा अख्खा मोहल्ला पाडून तिथे टोलेजंग इमारती उठवायचा घाट घातला होता, ते मी बातमीत सांगितलं. बुलडोझर थांबले. त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या भावाची, तोख्ता अकाची, शाळेतली नोकरी गेली. तो भूमिती शिकवायचा. मोहल्ला वाचला याचं नाव कोणी काढलं नाही. अकाची नोकरी गेली हे मात्र मला जो तो ऐकवायचा. मग मला चौकशीला बोलवायला लागले आणि गाव सोडण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. निघायच्या सकाळी ओयी नान घेऊन दारात आली, तर अकाने ते तिच्या हातातून काढून घेतलं. म्हणाला, "नान परत येणाऱ्यासाठी असतं." गाडीवाला भोंगा वाजवत होता. मी म्हटलं, "ठेवा ते तुमच्या डोक्यावर," आणि गाडीत बसले. मला त्याचा पश्चात्ताप नाही. आजही मी तेच म्हणेन.

पण बिश्केकला पोचून पहिला फोन लावला तेव्हा नान खिळ्याला होतं आणि त्याच्या कडेला एक नीटस चावा होता. ओयीने स्वतःच चावला असेल असं मी धरून चालले. माय-लेकीत काही गोष्टी विचारायच्या नसतात, म्हणून मी विचारलं नाही.

२

हा माझा बिश्केकमधला तिसरा हिवाळा, नुकताच लागलेला. एका संध्याकाळी फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ओयीने आज "कधी येतेस?" असं विचारलं नाही. तिचा प्रत्येक फोन त्याच प्रश्नावर संपायचा आणि प्रत्येक वेळी मी चिडायचे. जणू मीच हट्टाने इथे बसलेय. दुसऱ्या दिवशीही तिने विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मी वाट बघत राहिले, तर म्हणाली, "बरं, ठेवू? चहा निवतोय."

ती बरी दिसत होती. गुडघ्यांची तक्रार नाही, रडणं नाही. डोक्याला नवा रुमाल. आणि बोलताना सारखी उजवीकडे बघायची, जिथे फोनला दिसत नाही, तिथे.

"कोण आलंय?" मी विचारलं.

"कोण येणार? आपणच."

तेव्हा माझं नानाकडे लक्ष गेलं. चावा मोठा झाला होता. कडेचा लचका होता तो आता नानाच्या मधोमध उठवतात त्या ठशापर्यंत गेला होता, आणि कडा ताज्या, पांढऱ्या होत्या.

"ओयी, नान कोणी खाल्लं?"

ओयी हसली. "तूच नाही का? चहात बुडवून. दात पडतील म्हटलं, तर ऐकशील तेव्हा ना."

माझ्या अंगावर काटा आला, पण भीतीने नव्हे. माझा धंदाच असा आहे की कोणी विचित्र बोललं तर आधी वाटतं, याच्या शेजारी कोण बसलंय. चौकशीवाले घरी आले असणार. म्हाताऱ्या बाईसमोर बसून, तिचंच नान खाऊन, तिच्याकडून पढवलेलं बोलवून घेत असणार. रागाने माझे कान तापले. मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "ओयी, घरात कोणी परकं बसलं असेल तर चहात साखर घाल."

"मी कधीपासून साखर घ्यायला लागले?" ओयी म्हणाली. मग उजवीकडे वळून म्हणाली, "ऐकलंस का हिचं?" तिच्या बोलण्यात कसलाही धाक नव्हता. ती कोणाची तरी मजेत थट्टा करत होती आणि ती थट्टा माझी होती.

उजवीकडे कोणीतरी पियाला खाली ठेवला. तो आवाज मी स्पष्ट ऐकला.

३

आमची संपादक बुरुल एजे. एजे म्हणजे ताई. ती किर्गीझ. वय पन्नाशीपलीकडचं, गळ्यात कायम हेडफोन, खिशात सूर्यफुलाच्या बिया. माझी प्रत्येक बातमी ती स्वतः कापते. माझा अर्धा दम आणि सगळे शिव्याशाप तिने कचऱ्यात टाकलेले आहेत.

"मस्तुरा, इकडे ये. आणि दार लाव."

तिने पडद्यावर एक चित्रफीत लावली. आमच्या खोऱ्यातल्या कुठल्याशा वाहिनीवरची. एका खोलीत पाठमोरी बसलेली बाई. लांब वेणी, डोक्याला रुमाल. चेहरा दाखवलेला नाही. कुटुंबाच्या अब्रूसाठी, असं निवेदक सांगतो. बाई म्हणते, "मी परदेशात बसून खोट्या बातम्या दिल्या. आमच्या मोहल्ल्यात कोणावर अन्याय झालेला नाही. घरं पडायलाच झाली होती. मला माफ करा."

आवाज माझा होता.

"गेली होतीस?" एजेने विचारलं.

"काल दुपारी मी तुमच्यासमोर बसून सूप पीत होते."

"माझ्या लक्षात आहे. म्हणून तर दार लावायला सांगितलं."

"हल्ली आवाज कोणीही बनवतं, एजे. तुम्हीच त्यावर कार्यक्रम केलाय."

"बनवतात." तिने फीत मागे घेतली. "आता हे ऐक." 'अन्याय' या शब्दाच्या आधी एक बारीकसा थांबा होता. त्यात नाकाने ओढलेला श्वास, अर्धाच. "अवघड शब्द आला की तू असा अर्धा श्वास घेतेस. तू घेतेस हे तुलाही माहीत नसेल. मी रोज कापते. आजवर एकदाही प्रसारणात जाऊ दिलेला नाही. तुझ्या बातम्या ऐकून कोणी तुझा आवाज बनवला, तर त्याला हा श्वास कुठून मिळणार?"

"तुमच्या संगणकातून चोरला असेल."

"कापलेलं मी ठेवत नाही गं. कचरा कोण जपून ठेवतं?"

ती बिया सोलत राहिली. मला तिचाच राग आला. या बाईने म्हणायला हवं होतं, हे सगळं थोतांड आहे, आपण उद्या याचे वाभाडे काढू. त्याऐवजी ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी खरोखर समोर आहे की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

"आपण खुलासा देऊ," मी म्हटलं.

"देऊ ना. तू बोल, मी कापते. पण ऐकणारे विचारतील, दोघींतली खरी कोण. मी काय सांगू?"

"मी सांगते ते सांगा."

"तीही तेच सांगेल," एजे म्हणाली.

खुलासा आम्ही दिला. त्याखाली कुमअरिकच्याच एका माणसाने लिहिलं: 'मस्तुरा आमच्या गल्लीत आहे, सकाळी दिसली, चांगली मुलगी आहे, तिच्या नावाने धंदा करू नका.' दुसऱ्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यातली कालव्याकडची घरं पाडायला लागले. बातमी देणारीनेच माफी मागितल्यावर अडवणार कोण? तीन वर्षांची माझी वणवण, घराचा दुरावा, सगळं त्या वेणीवालीने पाठमोरं बसून पुसून टाकलं. मी त्या दिवशी कार्यालयाच्या जिन्यात उभं राहून लाथेने कचऱ्याचा डबा उलटा केला आणि मग स्वतःच उचलून भरला.

४

खोसियत खोला आमच्या भिंतीपलीकडे राहते. खोला म्हणजे मावशी. गल्लीत कोण शिंकलं हे तिला शिंकणाऱ्याच्या आधी कळतं. मी तिला फोन केला.

"खोला, मी मस्तुरा."

"कळलं. भिंतीपलीकडून फोन कशाला करतेस? पाय मोडले का? ये इकडे."

"मी बिश्केकला आहे, खोला."

"असशील हो. सकाळी तंदूरशी माझ्या शेजारी उभी होतीस, तेव्हाही बिश्केकलाच होतीस वाटतं." ती खुदखुदली. "एक बोलू? हात बसलाय आता तुझा. पूर्वी तुझी नानं तंदूरात गळून पडायची, अर्धी राख, अर्धी कच्ची. आता चिकटतात कशी. तिकडे राहून शिकलीस म्हणायची."

"खोला, ती दिसते कशी?"

"कोण?"

"तंदूरशी होती ती."

 ती आवाज बदलून म्हणाली, "पोरी, तुझी तब्येत बरी आहे ना? आईला सांगू का?" आणि मला काही बोलू न देता भिंतीकडे तोंड करून ओरडली, "मस्तुरा, अगं तूच फोन केलायस का मला?" पलीकडून, भिंतीपलीकडून, कोणीतरी उत्तर दिलं. शब्द कळले नाहीत. आधी अर्धा श्वास होता, तो मात्र कळला. आता मलाही तो ऐकू यायला लागला होता.

मी लगेच अकाला फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"बोल," तो म्हणाला. दचकला नाही.

"घरात कोण आहे, अका?"

"मस्तुरा आहे."

"मी मस्तुरा आहे."

"होतीस," तो म्हणाला. शांतपणे, फळ्यावर सिद्धता मांडावी तसं. "तू नान न चावता गेलीस."

"तुम्ही दिलं नाहीत."

"नाही दिलं. तुझी गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा ते तुझ्यामागे फेकायला मी बाहेर आलो होतो. हात उचलवेना, म्हणून कठड्यावर ठेवलं आणि परसात गेलो. मागे येऊन बघतो तर ते खिळ्याला, चावा घेतलेलं. ओयी रडत-हसत होती. म्हणाली, आली गं माझी बाय, धावत मागे आली, घास घेऊन गेली. मला तुझी पाठ दिसली. निळा झगा, वेणी, फाटकातून बाहेर."

"मी गाडीतून उतरले नव्हते."

"मला काय माहीत? मी चावा बघितला. आणि पानगळीत ती आली, उरलेलं खायला. चावा तिचा, नान तिचं."

"तुम्ही तिला घरात घेतलंत? तिला विचारलं नाहीत, बाई, तू कोण?"

"विचारायला तिने काय वाकडं केलंय?" त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "ती भांडत नाही. ती लिहीत नाही. जाऊन माफीवर सही करून आली आणि माझी नोकरी परत मिळाली. मोहल्ल्याच्या बदल्यात घर मिळतंय, तिसऱ्या मजल्यावर, नळाला गरम पाणी. तू दोन हिवाळे ओयीला बघितलं नाहीस. ती रोज त्या खिळ्याखाली बसून राहायची. जेवायची नाही. आता हसते. तुला काय हवंय, ती पुन्हा रडायला लागायला हवी?"

आमच्यात थोरल्या भावाला तोंडावर अरे-तुरे करत नाहीत. मी केलं. "तू मला विकलंस. तुझ्या फळ्यासाठी आणि गरम पाण्यासाठी तू सख्ख्या बहिणीला विकलंस, आणि वर भूमिती सांगतोस मला."

 तो हळू आवाजात म्हणाला, "ती माझ्याकडे बघत नाही, मस्तुरा. इतके दिवस झाले. जेवायला बसते, पाठ करून. मी अजून तिचा चेहरा बघितलेला नाही. ओयीने बघितलाय." आणि फोन ठेवला.

५

मी जायचं ठरवलं. पकडतील, तर पकडू देत. त्यांनी मला धरून ओयीच्या दारावरून नेलं तरी चालेल, पण ओयीने एकदा मला समोर बघायला हवं. मी समोर उभी राहिले तर दुसरीला उठावंच लागेल, असा माझा सरळ हिशोब होता. घरचे नवीन घरात जायच्या आत मला पोचायला हवं होतं. त्या भिंतीसकट खिळाही जाणार होता.

बुरुल एजेने खूप समजावलं. "आत गेलीस तर तुला बाहेर काढायला मी येऊ शकणार नाही."

"मला बाहेर यायचंच नाही. मला घरी जायचंय."

मी जिना उतरायला लागले तशी ती मागून आली. हातात कोपऱ्यावरच्या दुकानातलं गरम नान होतं. त्यांच्यातही ही रीत आहे. "चाव," ती म्हणाली. "टेबलामागे खिळा आहे. कॅलेंडर काढून टाकीन."

मला तेव्हा नानाचं नावही नको होतं. "नानांनीच वाट लावली माझी. राहू द्या, एजे. मी परत येणार नाही."

"एजेचं ऐकायचंच नाही का कधी?"

"नाही," मी म्हटलं आणि खाली आले. टॅक्सीत चार सहप्रवासी आधीच दाटीवाटीने बसले होते. मी मागे वळून बघितलं नाही.

घाट ओलांडून ओशला पोचलो, तिथून सीमा जवळच. दुपारचं ऊन, पिशव्या घेतलेल्या बायांची रांग, पलीकडे आमच्या बाजूचे चिनार. किर्गीझ बाजूने शिक्का मिळाला. मधला पट्टा चालून मी आमच्या लोकांच्या खिडकीपाशी उभी राहिले. आतला अधिकारी मध्यमवयीन, सर्दी झालेला, वागायला सभ्य होता. मी मनाची तयारी केली होती: आता घंटी वाजवेल, दोघं येतील, दंडाला धरतील. त्याने पारपत्र वाचलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा पारपत्र वाचलं.

"बहीणबाई, तुम्ही आत आहात."

"मी इथे तुमच्यासमोर उभी आहे."

"ते दिसतंय. पण नोंदीप्रमाणे तुम्ही पानगळीत आत गेलात आणि बाहेर पडलेल्या नाहीत. एका माणसाला दोनदा आत कसं घेऊ?"

"माझ्या पारपत्रावर शिक्का दाखवा तसा."

त्याने पानं चाळली. शिक्का नव्हता. त्याला त्याचं फारसं वाटलं नाही. "शिक्का राहतो कधी कधी. फोटो आहे ना. तुमचाच आहे." त्याने पडदा थोडा माझ्याकडे फिरवला आणि लगेच परत घेतला. मला कपाळ दिसलं, रुमालाची कड दिसली, आणि तोंडाची एक बाजू. "हसताय यात जरा. बरं दिसतं."

मी सरकारी कॅमेऱ्यासमोर आयुष्यात कधी हसलेली नाही.

"मला अटक करा," मी म्हटलं. "माझ्या नावावर तक्रार आहे. नीट शोधा."

त्याने शोधलं. "होती. मिटलीय. तुम्ही माफी मागितलीत." त्याने पारपत्र परत दिलं. रागवायला कोणीतरी हवं होतं, आणि हा माणूस मला रागवूही देत नव्हता. "असं करा," तो नाक पुसत म्हणाला, "आधी बाहेर या. मग आत जा."

"बाहेर कशी येऊ?"

"आतून," तो म्हणाला आणि माझ्या मागच्या बाईला हात केला.

६

सीमेच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. चालवणारी बाई उझबेकच, आमच्यासारखंच बोलते. मी बाकावर बसले आणि ओयीला फोन लावला. अजून ऊन होतं. इतक्या लवकर मी कधीच फोन करत नसे.

ओयीने उचलला आणि फोन नेहमीसारखा साखरेच्या भांड्याला टेकवला. मागे खोकी बांधून ठेवलेली. भिंतीवर खिळा होता. खिळ्याला काही नव्हतं.

"ओयी, मी सीमेवर आहे. आपल्या गावापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. मला आत घेत नाहीत. तू ये. अकाला घेऊन ये, टॅक्सी करा. मला नुसतं बघ."

ओयी माझ्याकडे बघत राहिली. खोसियत खोलाच्या माहेरचं लांबचं कोणी आलं की ओयी अशी बघते: आदराने, ओळखीचा धागा शोधत.

"ओयी, बघ ना नीट. मी लहानपणी विहिरीच्या दगडावर पडले होते, तू माझी हनुवटी रुमालाने बांधून दवाखान्यात पळत नेलीस. चप्पल सुटली तरी थांबली नाहीस. आठवतं ना?"

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हात वर गेला, स्वतःच्याच हनुवटीपाशी थांबला. मी श्वास रोखला. मला वाटलं, आता. ती मान वळवून उजवीकडे बघायला लागली, तशी मी ओरडले, "तिकडे बघू नको, ओयी. माझ्याकडे बघ."

तिने बघितलं तिकडे. उजवीकडून एक हात आत आला. पिठाने माखलेला, बोटांत नानाचा शेवटचा तुकडा. हात ओयीच्या खांद्यावर टेकला आणि तिच्या मागून कोणीतरी वाकलं, तिच्या कानाशी. मला वेणी दिसली, गालाची कड दिसली आणि चावणारा जबडा. हनुवटीवर व्रण होता. लाल, ओला, टाके न घातलेला, आत्ताच दगडावर पडल्यासारखा.

मग ती मागे सरकली आणि ओयी पुन्हा माझ्याकडे वळली. आता तिच्या चेहऱ्यावर कसलाच गोंधळ नव्हता. तिने किटली उचलली, पियाला माझ्यापुढे ठेवला आणि ओतायला लागली. घोटभर झाला. अर्धा झाला. मी म्हणत होते, बस, ओयी, बस. ती सावकाश, एक थेंब न सांडता ओतत राहिली. चहा काठाला टेकला आणि काठावर फुगून थरथरला, तेव्हाच ती थांबली.

"प्या, बाई," ओयी म्हणाली. "तुम्हाला लांब जायचं असेल."

आणि तिने फोनवर रुमाल टाकला. काही वेळ नुसता काळोख दिसत होता, आणि नान चघळल्याचा आवाज. मग तोही गेला.

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. सगळ्यांचा आला. अकाचा, त्या सर्दीवाल्याचा, ज्यांनी आमचा मोहल्ला विकला त्यांचा, आणि तिचाही, जिने तीन वर्षं रोज मला 'कधी येतेस' विचारलं आणि जी पहिली आली तिलाच घरात घेतलं. ठीक आहे, म्हटलं. नसेल तर नसेल. बिश्केकला परत जाईन, त्या भट्टीसारख्या खोलीत बसेन, आणि यांचं एकेक घर पडताना एकेका विटेची बातमी देईन. बघू किती माफ्या मागते ती वेणीवाली.

मी बुरुल एजेला फोन लावला.

"एजे, मी परत येतेय. तुमचं ऐकायला हवं होतं. ते नान ठेवलंत का? नसेल चावलं तर नसेल, आल्यावर खाईन."

"नसेल चावलं म्हणजे?" एजे बिया खात होती. "टांगलंय की खिळ्याला. कॅलेंडर काढलं. बरं झालं बाई, मागे फिरलीस. मी जिन्यातच होते, धावत वर आलीस, चावलीस आणि तशीच गेलीस. एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, अजून चिडलेली आहेस."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"मस्तुरा? ऐकतेयस ना?"

टपरीवाल्या बाईने माझ्यासमोर पियाला ठेवला आणि किटली तिरपी केली. ती ओतत होती तोवर मी रस्त्याकडे बघत राहिले. पियाला किती भरला ते मी बघितलं नाही.